सुट्टीसाठी कोणता समुद्रकिनारा? एका साध्या निवडीचा रक्तरंजित इतिहास

१/ सहकुटुंब सुट्टीसाठी समुद्रकिनारा निवडायचा म्हटले की चर्चा ठरलेली असते. वाळू कशी आहे, भरती किती वाजता, राहण्या-जेवण्याची सोय काय, मुलांसाठी पाणी सुरक्षित आहे ना? विसाव्या शतकातील अमेरिकेत मात्र लक्षावधी कुटुंबांना या सर्वांआधी वेगळाच प्रश्न पडे : तिथे आपल्याला पाण्यात उतरू देतील का? आजचा धागा त्या प्रश्नाविषयी.

२/ प्रथम पार्श्वभूमी. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतील गुलामगिरी संपली. परंतु १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात ‘विभक्त, पण समान’ हे तत्त्व मान्य केले आणि वर्णभेदाला कायद्याचे छत्र मिळाले. याच काळात आगगाडीमुळे समुद्रकाठची सुट्टी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येत होती. सुट्टी आणि मज्जाव, दोन्ही हातात हात घालून वाढले.

३/ १८९२. मेरीलँड राज्यातील चेसापीक उपसागराच्या काठी बे रिज नावाचे विश्रामस्थळ होते. चार्ल्स डग्लस आणि त्यांच्या पत्नी लॉरा यांना तेथील उपाहारगृहाने कृष्णवर्णीय म्हणून परत पाठवले. चार्ल्स हे यादवी युद्धात लढलेले सैनिक होते. गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध जन्मभर झुंजलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचे ते चिरंजीव.

४/ चार्ल्स यांनी अपमानाचे उत्तर जमिनीच्या व्यवहाराने दिले. बे रिजला लागूनच असलेली सुमारे ४० एकर किनारपट्टी त्यांनी १८९३ मध्ये विकत घेतली आणि तिचे भूखंड आप्तेष्टांना व स्नेह्यांना विकले. हेच ते हायलँड बीच. १९२२ मध्ये त्याला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला.

५/ वृद्ध फ्रेडरिक डग्लस यांच्यासाठीही तेथे ‘ट्विन ओक्स’ हे घर बांधले जात होते. उपसागराच्या पलीकडच्या तीरावर ते गुलाम म्हणून जन्मले होते. अलीकडच्या तीरावर, स्वतःच्या घराच्या सज्जात उभे राहून स्वतंत्र माणूस म्हणून तो प्रदेश पाहावा, अशी त्यांची इच्छा असल्याचे सांगितले जाते. घर १८९५ मध्ये पूर्ण झाले. त्यापूर्वीच, फेब्रुवारीत, त्यांचे निधन झाले होते.

६/ पण किनारा विकत घेणे कितीजणांना शक्य होते? उरलेल्यांनी सार्वजनिक किनारा गाठावा, तर तेथे कायद्यात नसलेल्या सीमारेषाही जीवघेण्या ठरत. २७ जुलै १९१९. शिकागोत कडक उन्हाळा होता. १७ वर्षांचा यूजीन विल्यम्स मित्रांसह मिशिगन सरोवरात तराफ्यावर खेळत होता. काठावर गोरे एका बाजूला आणि कृष्णवर्णीय दुसऱ्या बाजूला, असा अलिखित दंडक होता.

७/ तराफा वाहत वाहत त्या अदृश्य रेषेपलीकडे गेला. काठावरून एक गोरा इसम दगड फेकू लागला. यूजीन बुडून मरण पावला. लोकांनी दाखवून दिलेल्या त्या इसमाला अटक करण्यास तेथील पोलिसाने नकार दिला. शहर पेटले. आठवडाभराच्या दंगलीत ३८ जण ठार झाले : २३ कृष्णवर्णीय, १५ गोरे. पाचशेहून अधिक जखमी झाले. पाण्यावर तर कोणतीही रेषा नव्हती.

८/ आता पश्चिम किनाऱ्याकडे वळू. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळच्या मॅनहॅटन बीच येथे विला ब्रूस या उद्योगी स्त्रीने १९१२ मध्ये १,२२५ डॉलरला समुद्रालगतचा भूखंड घेतला. पती चार्ल्स आगगाडीच्या भोजनयानात आचारी होते. विलाबाईंनी तेथे स्नानगृह आणि उपाहारगृह थाटले. दूरदूरहून कृष्णवर्णीय कुटुंबे मुलाबाळांसह येऊ लागली.

९/ शेजाऱ्यांकडून छळ झाला, धमक्या आल्या. ब्रूस कुटुंब हटले नाही. तेव्हा १९२४ मध्ये नगर परिषदेने ‘सार्वजनिक उद्यान’ हे कारण पुढे करून भूसंपादनाचा बडगा उगारला. ब्रूस दांपत्याने मागितले होते १,२०,००० डॉलर. हाती पडले १४,५०० डॉलर. आणि ते निकडीचे उद्यान? जागा पुढे कित्येक दशके तशीच रिकामी पडून होती.

१०/ फ्लोरिडात वेगळा मार्ग निघाला. जॅक्सनव्हिल येथील आफ्रो-अमेरिकन विमा कंपनीचे ए. एल. लुइस यांच्या पुढाकाराने १९३५ मध्ये अमेलिया बेटावर ‘अमेरिकन बीच’ वसले. कर्मचाऱ्यांना आणि कृष्णवर्णीय समाजाला मानहानीवाचून विसावा मिळावा, हा हेतू. पुढे त्याचा विस्तार दोनशे एकरांहून अधिक झाला. घरे, खानावळी, नृत्यगृहे उभी राहिली.

११/ पण तिथवर पोहोचायचे कसे? वाटेत मुक्कामाला जागा, जेवायला खानावळ, मोटारीला पेट्रोल हे सारे मिळेलच याची शाश्वती नव्हती. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील टपालवाहक व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली. तीच प्रसिद्ध ‘ग्रीन बुक’. कुठे थांबावे हे ती सांगे. अर्थात कुठे थांबू नये, हेही त्यातूनच कळे.

१२/ काही ठिकाणी सरकारने ‘दिलेले’ किनारे होते. मे १९४५ मध्ये मायामीत कृष्णवर्णीय निदर्शक गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या हॉलोव्हर किनाऱ्यावर पाण्यात उतरले. प्रशासनाने ऑगस्टमध्ये त्यांच्यासाठी व्हर्जिनिया की हा वेगळा किनारा खुला केला. पण १९४७ मध्ये मार्ग बांधला जाईपर्यंत तेथे जाण्यासाठी होडीशिवाय पर्याय नव्हता. ‘विभक्त’ होते, ‘समान’ मात्र कागदावर.

१३/ नोव्हेंबर १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडमधील सार्वजनिक किनाऱ्यांवरचा वर्णभेद अवैध ठरवला. निकाल वॉशिंग्टनमध्ये लागला, तरी दक्षिणेकडील वाळूपर्यंत तो आपोआप पोहोचणार नव्हता. मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सीच्या परिसरात २६ मैलांची पुळण होती. ती सार्वजनिक पैशातून घडवली गेली होती, आणि तरीही कृष्णवर्णीयांना मज्जाव होता.

१४/ डॉ. गिल्बर्ट मेसन हे तेथील कृष्णवर्णीय डॉक्टर. १४ मे १९५९ रोजी ते एका स्नेह्याला आणि काही मुलांना घेऊन पोहायला गेले. पोलिसांनी त्यांना हुसकावले. पुढच्या एप्रिलमध्ये ते एकटे गेले, अटक झाली. २४ एप्रिल १९६० रोजी शंभराहून अधिक स्त्री-पुरुष आणि मुले किनाऱ्यावर आली. लोखंडी नळ्या आणि साखळ्या घेतलेला जमाव त्यांच्यावर तुटून पडला. निःशस्त्र लोक मागत होते ते फक्त समुद्रस्नान.

१५/ इथे मराठी वाचकाला महाड आठवल्यावाचून राहणार नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जावे लागले आणि त्यांच्यावरही हल्ला झाला. न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडले. हे साम्य आपण आज ओढूनताणून आणत नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साधर्म्य नोंदवले होते.

१६/ बिलॉक्सीतील हल्ल्यानंतर केंद्र सरकारच्या न्याय खात्याने दावा दाखल केला. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला. मात्र बिलॉक्सीची संपूर्ण पुळण न्यायालयाने सर्वांसाठी खुली केली ती ऑगस्ट १९६८ मध्ये. डॉ. मेसन यांच्या पहिल्या डुबकीनंतर तब्बल नऊ वर्षांनी.

१७/ इतिहासाची गुंतागुंत पुढेच आहे. सर्व किनारे खुले झाले आणि अपमानातून जन्मलेल्या किनाऱ्यांची गर्दी ओसरली. १९६४ मध्ये ‘डोरा’ वादळाने अमेरिकन बीचची हानी केली. त्याच वर्षी नव्या कायद्याने लोकांना अन्य वाटाही मोकळ्या झाल्या. पुढे बांधकाम व्यावसायिकांची नजर तेथील वाळूच्या टेकड्यांवर पडली. लुइस यांची पणती मॅव्हिन बेट्श हिने एकेकाळी युरोपात ऑपेरा गाजवला होता. तिने २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत या किनाऱ्याच्या रक्षणाचा ध्यास सोडला नाही.

१८/ उत्तरेकडे भिंतींची नावे बदलली. ‘फक्त रहिवाशांसाठी’, ‘परवाना आवश्यक’, ‘वाहनतळ बाहेरच्यांसाठी नाही’. कनेक्टिकट राज्यातील ग्रीनिच नगराचा किनाराबंदीचा नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो थेट २००१ मध्ये. फलकावर वर्णाचा उल्लेख नसला, तरी आत कोण आणि बाहेर कोण हे पुष्कळदा ठरलेलेच असे.

१९/ आणि ब्रूस कुटुंब? जुलै २०२२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने ती जमीन त्यांच्या वारसांना परत केली. पुढच्या वर्षी वारसांनी ती सुमारे दोन कोटी डॉलरला काउंटीलाच विकली. भरपाई झाली का? पैशाचा हिशेब मांडता येतो. दोन-तीन पिढ्यांनी गमावलेला व्यवसाय आणि तितकेच उन्हाळे मात्र कोणत्याही खातेवहीत जमा होत नाहीत.

२०/ ज्यांना पाण्यापासून दूर ठेवले, त्यांच्या घरांत पोहण्याची परंपरा रुजली नाही. अमेरिकेत आजही कृष्णवर्णीय मुलांचे बुडून मृत्यू पावण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा अधिक आहे. पाट्या निघाल्या, त्यांचे परिणाम पाण्यात उरले.

२१/ म्हणून ‘यंदा कोणत्या समुद्रावर जायचे?’ हा प्रश्न क्षुल्लक नाही. आज जे निर्धास्तपणे वाळू आणि भरतीचा विचार करू शकतात, त्यांच्यासाठी पहिला प्रश्न आधीच कुणीतरी सोडवून ठेवलेला आहे : कुणी जमीन घेऊन, कुणी न्यायालयात लढून, तर कुणी साखळ्यांचे घाव सोसत पाण्यात उभे राहून.

धागा समाप्त.