आयपीव्ही६ आणि घरात अडणारे इंटरनेट

आयपीव्ही४ ही इंटरनेटची पत्तापद्धती १९८१ मध्ये ठरली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने ती स्वीकारली. बत्तीस बिटांत सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. विद्यापीठे आणि प्रयोगशाळांपुरत्या जाळ्याला ते मुबलक होते. घरोघरी संगणक आल्यावर अपुरे पडू लागले. १९९४ मध्ये नॅटचा तोडगा निघाला आणि सारे घर राउटरच्या एकाच पत्त्याआडून बोलू लागले. डिसेंबर १९९५ मध्ये १२८ बिटांच्या आयपीव्ही६चे पहिले प्रस्तावित मानक आले. मात्र नव्या पत्त्याला जुन्याशी थेट बोलता येत नाही. घरातल्या बऱ्याच तक्रारी इथूनच सुरू होतात.

दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवणे भाग पडले. २००० नंतरच्या दशकात ‘६टू४’ आणि ‘टेरेडो’ हे बोगदे आले. जुन्या जाळ्यातून नव्या पद्धतीची माहितीची पाकिटे नेण्याची ती सोय होती, पण बेभरवशाची. संकेतस्थळाचे दोन्ही पत्ते मिळाले की ब्राउझर आधी नवा वापरून पाही. वाटेत पाकिटे गडप झाली की उत्तराची वाट पाहण्यात विंडोजचे वीसेक सेकंद जात, मग जुन्या पत्त्यावरून पान उघडे. गिऱ्हाईक म्हणे, ‘नेट स्लो आहे’. वेग मोजला तर पुरेपूर भरे. या धास्तीने मोठी संकेतस्थळे नवा पत्ता जाहीर करायला कचरत. ८ जून २०११ रोजी गूगल, फेसबुक, याहू यांनी एक दिवस तो लावून पाहिला आणि ६ जून २०१२ पासून अनेकांनी कायमचा ठेवला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘हॅपी आयबॉल्स’ ही रीत प्रमाणित झाली: नव्या पत्त्याला किंचित आघाडी द्यायची, तो अडला तर लगेच जुना, आणि आधी जुळेल तो धरायचा. हा उपाय मोलाचा ठरला, पण त्यामुळे बिघाड झाकलाही जाऊ लागला.

एक दोष चिवट आहे. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर मोठ्या पाकिटाचे तुकडे करत नाही. ‘पाकीट फार मोठे’ असा निरोप माघारी धाडतो. फायरवॉलने हा निरोप अडवला की जोडणी होते, पण भरगच्च पान अर्ध्यावर लटकते.

३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४चा जागतिक साठा संपला. आता अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात. त्यामुळे घरचा सीसीटीव्ही बाहेरून थेट उघडत नाही. अशा घरांसाठी थेट पत्ता असतो तो आयपीव्ही६चाच. म्हणून अडचण आली की आयपीव्ही६ बंद करण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. आधी राउटरचे फर्मवेअर आणि फायरवॉलची मांडणी तपासावी.