अंटार्क्टिक निळा देवमासा प्रकल्प

अंटार्क्टिक निळा देवमासा प्रकल्प हा दक्षिण महासागरातील निळ्या देवमाशांची संख्या, संचार व वर्तन यांचा अभ्यास करणारा बहुराष्ट्रीय वैज्ञानिक उपक्रम आहे. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने २००९ मध्ये सुरू झालेल्या दक्षिण महासागर संशोधन भागीदारीचा तो भाग असून, ही भागीदारी आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाशी संलग्न आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात ३ लाखांहून अधिक निळ्या देवमाशांची शिकार झाली. १९६६ मध्ये आयोगाने या शिकारीवर बंदी घातली. तथापि सोव्हिएत जहाजांनी ती पुढे काही वर्षे छुपेपणाने चालू ठेवली. १९९८ मध्ये अंटार्क्टिक उपप्रजातीची संख्या सुमारे २,२८० असल्याचा अंदाज आहे. शिकारपूर्व संख्येच्या तुलनेत ती १ टक्क्याहूनही कमी होती.

अभ्यासपद्धती

विस्तीर्ण सागरात इतके विरळ प्राणी केवळ नजरेने शोधणे दुष्कर असते. म्हणून पाण्यात ध्वनिग्राहक सोडून त्यांच्या आवाजाचा माग काढला जातो. हा अतिशय खालच्या पट्टीतील आवाज शेकडो किलोमीटर अंतरावरून टिपता येतो. २०१३ च्या मोहिमेत याच पद्धतीने देवमाशांपर्यंत पोहोचण्यात आले. प्रत्येक देवमाशाच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी निराळी असल्याने छायाचित्रावरून त्याची ओळख पटते. विविध देशांची छायाचित्रे सामाईक सूचीत एकत्र केली जातात. त्यामुळे एका देशाच्या संशोधकांनी पाहिलेला देवमासा दुसऱ्यांना पुन्हा आढळल्यास त्याचा प्रवास समजतो, तसेच अशा पुनर्नोंदींच्या प्रमाणावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. या अभ्यासासाठी एकाही देवमाशाला ठार करावे लागत नाही.