फुटबॉल व्यवस्थापन खेळ

फुटबॉल व्यवस्थापन खेळ हा संगणक खेळांचा एक प्रकार आहे. या प्रकारात खेळणारी व्यक्ती मैदानावरील खेळाडूंना प्रत्यक्ष हलवत नाही, तर संघाच्या व्यवस्थापकाची भूमिका स्वीकारते. संघनिवड, डावपेच, सराव, खेळाडूंची खरेदी-विक्री आणि खर्चाचा ताळमेळ यांविषयीचे निर्णय ती घेते. त्या निर्णयांच्या आधारे सामना कसा घडला हे संगणक ठरवतो. १९८२ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेला 'फुटबॉल मॅनेजर' हा या प्रकारातील पहिला महत्त्वाचा खेळ मानला जातो. 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आणि त्याच चमूने पुढे घडवलेली 'फुटबॉल मॅनेजर' ही मालिका या प्रकारातील सर्वांत प्रभावी खेळ ठरले.

या प्रकारातील बहुतेक खेळ स्वतःला वास्तवदर्शी म्हणवतात. तथापि चित्रांची वास्तवता, माहितीची वास्तवता आणि निर्णयप्रक्रियेची वास्तवता या तीन भिन्न गोष्टी आहेत. खेळाची निवड करताना त्यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते.

संज्ञा

भारतीय क्रिकेटमध्ये 'मॅनेजर' म्हणजे संघाबरोबर प्रवास करणारा, निवास व अन्य व्यवस्था पाहणारा अधिकारी. ब्रिटिश फुटबॉलमध्ये मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तेथे मॅनेजर हाच मुख्य प्रशिक्षक असतो. संघ कोणता उतरवायचा, कोणत्या पद्धतीने खेळायचे आणि कोणता खेळाडू विकत घ्यायचा हे परंपरेने तोच ठरवत आला आहे. युरोपातील अन्य अनेक देशांत खरेदी-विक्रीचे काम स्वतंत्र क्रीडा संचालकाकडे असते. व्यवस्थापन खेळांची घडण प्रामुख्याने ब्रिटिश कल्पनेवर झाली असून त्यामुळेच त्यांत एकाच व्यक्तीच्या हाती इतके अधिकार एकवटलेले दिसतात.

इतिहास

केव्हिन टॉम्स या ब्रिटिश प्रोग्रामरने रचलेला 'फुटबॉल मॅनेजर' १९८२ मध्ये 'अ‍ॅडिक्टिव्ह गेम्स' या त्याच्याच कंपनीतर्फे बाजारात आला. झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या अत्यल्प स्मृतीच्या घरगुती संगणकांवर तो चालत असे. प्रत्येक खेळाडूचे वर्णन कौशल्य व ऊर्जा अशा मोजक्या आकड्यांत केलेले असे. खालच्या श्रेणीतील संघ हाती घेऊन त्याला वरच्या श्रेणीत नेणे हे त्यातील मुख्य आकर्षण होते आणि तेच पुढील चार दशके या प्रकाराचे मध्यवर्ती सूत्र राहिले.

१९९२ साली पॉल व ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्लिश बंधूंचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीत खेळाडूंची नावे काल्पनिक होती. लगेचच्या आवृत्तीत खऱ्या खेळाडूंची नावे आली आणि खेळाचे स्वरूपच पालटले. कॉलियर बंधूंनी १९९४ मध्ये 'स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह' ही संस्था स्थापन केली. २००३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपर्यंत सामना केवळ धावत्या मजकुरातून उलगडत असे. त्या आवृत्तीत प्रथमच मैदानाचे वरून दिसणारे द्विमितीय चित्र देण्यात आले.

त्यानंतर स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह आणि प्रकाशक 'आयडॉस' यांची फारकत झाली. 'चॅम्पियनशिप मॅनेजर' हे नाव प्रकाशकाकडे राहिले, तर आज्ञावली व माहितीसंच निर्मात्यांकडे. निर्मात्यांनी 'सेगा' या जपानी कंपनीशी करार करून २००४ च्या नोव्हेंबरमध्ये 'फुटबॉल मॅनेजर २००५' प्रसिद्ध केला. प्रसिद्ध नाव हाती असूनही जुनी मालिका क्षीण होत गेली आणि नव्या नावाची मालिका अग्रस्थानी पोहोचली. खेळाचे बलस्थान नावात नसून माहितीसंचात व सामन्याच्या गणितात असते, हे या घटनेतून स्पष्ट झाले. सेगाने २००६ मध्ये स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह विकत घेतली. 'फुटबॉल मॅनेजर २००९' पासून सामना त्रिमितीय स्वरूपात दिसू लागला.

अन्य देशांतही हा प्रकार स्वतंत्रपणे रुजला. जर्मनीत १९९३ पासून 'आन्श्टोस', स्पेनमध्ये वृत्तपत्रविक्रेत्यांच्या ठेल्यांवरून विकला जाणारा 'पीसी फुटबॉल' आणि जपानमध्ये १९९६ पासून सेगाची 'साकात्सुकू' मालिका लोकप्रिय झाली. 'ईए' या कंपनीची 'फिफा मॅनेजर' मालिका २०१३ मधील आवृत्तीनंतर खंडित झाली.

दरवर्षी नवी आवृत्ती काढण्याच्या प्रथेला फेब्रुवारी २०२५ मध्ये तडा गेला. नव्या इंजिनवर बेतलेली 'फुटबॉल मॅनेजर २०२५' ही आवृत्ती अपेक्षित दर्जाची न झाल्याने रद्द करण्यात आली. तिच्या जागी 'फुटबॉल मॅनेजर २६' नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. त्यात महिला फुटबॉलचा प्रथमच समावेश झाला, मात्र पडद्यावरील नव्या मांडणीविषयी अनेक जुन्या खेळाडूंनी नापसंती व्यक्त केली.

कार्यपद्धती

माहितीसंच. 'फुटबॉल मॅनेजर'मध्ये प्रत्येक खेळाडूचे पासिंग, वेग, निर्णयक्षमता, धैर्य इत्यादी गुण १ ते २० या श्रेणीत मोजले जातात. त्यांखेरीज विद्यमान क्षमता व संभाव्य क्षमता असे दोन अंक ० ते २०० या श्रेणीत दिलेले असतात. हे अंक आणि सातत्य, दुखापतीची शक्यता यांसारखे काही गुण खेळणाऱ्यापासून लपवलेले असतात. ही मूल्ये जगभरातील संशोधकांचे जाळे प्रत्यक्ष सामने पाहून ठरवते. ती मोजमापे नसून जाणकारांचे अंदाज असतात.

मॅच इंजिन. दोन्ही संघांचे गुण, डावपेच, थकवा व मनःस्थिती यांच्या आधारे सामन्यातील घटना घडवणाऱ्या आज्ञावलीला मॅच इंजिन म्हणतात. पडद्यावर दिसणारे चित्र हे या गणिताचे दृश्यरूप असते. चित्र सुंदर असले म्हणजे गणित अचूक असते असे नाही.

काळाचा प्रवाह. वर्षे उलटतात तसे खरे खेळाडू निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी संगणकनिर्मित तरुण येतात. दहा-पंधरा हंगामांनंतर खेळातील जग पूर्णतः काल्पनिक झालेले असते. म्हणून दीर्घकाळ खेळायचे असल्यास आरंभीच्या माहितीपेक्षा नवे खेळाडू घडवण्याची पद्धत अधिक महत्त्वाची ठरते.

वास्तवतेचे निकष

एखादा खेळ कितपत वास्तवदर्शी आहे हे पुढील बाबींवरून तपासता येते.

१. निकालांचे वितरण: युरोपातील प्रमुख साखळ्यांत एका सामन्यात सरासरी अडीच ते तीन गोल होतात. गोल इतके थोडे असल्याने दुबळा संघही अधूनमधून बलाढ्य संघाला हरवतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ आणि प्रत्येकी ३८ सामने अशी रचना झाल्यापासून विजेत्याचे गुण ७५ (१९९६-९७) ते १०० (२०१७-१८) या मर्यादेत राहिले आहेत. खेळातील गुणतक्ते वारंवार या मर्यादेबाहेर जात असतील, तर गणितात दोष आहे असे समजावे. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीने विजेतेपद मिळवले, तेव्हा हंगामाआधी त्यांच्यावर पाच हजारास एक असा भाव होता. चांगल्या खेळात असा चमत्कार अशक्य नसावा, पण तो दर दोन वर्षांनी घडू नये.

२. माहितीची अपूर्णता: खऱ्या व्यवस्थापकाला परक्या संघातील खेळाडूविषयी सर्व काही ठाऊक नसते. त्याला निरीक्षकांच्या अहवालांवर विसंबावे लागते आणि ते अहवाल चुकूही शकतात. ज्या खेळात सर्व गुण पहिल्याच दिवशी उघडे असतात, तो खेळ सोपा असेल, परंतु व्यवस्थापनाचे मर्म त्यात उतरत नाही.

३. प्रतिपक्षाचे शहाणपण: संगणकाच्या ताब्यातील संघ आपले चांगले खेळाडू कवडीमोलाने विकतात का, निरुपयोगी खेळाडूंना अवाच्या सवा किंमत देतात का, हे पाहावे. खरेदी-विक्रीचा बाजार फसवण्याजोगा असेल तर डावपेचांना अर्थ उरत नाही.

४. नियमांची अचूकता: परदेशी खेळाडूंची मर्यादा, नोंदणीच्या मुदती, बढती व घसरण, खर्चावरील बंधने हे नियम देशोदेशी निराळे असतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा परकीय खेळाडूंच्या परवान्यांवर काय परिणाम होईल, याच्या विविध शक्यता 'फुटबॉल मॅनेजर २०१७' मध्ये अंतर्भूत होत्या.

५. पराभवाचे परिणाम: सलग पराभवांनंतर संघमालकांचा विश्वास, प्रेक्षकांचा रोष व खेळाडूंची नाराजी यांचा ताण जाणवला पाहिजे. व्यवस्थापकाची नोकरी जाण्याची शक्यता नसलेला खेळ अपुरा होय.

यांतील पहिला निकष तपासण्याचा सोपा मार्ग असा की, आपण हस्तक्षेप न करता काही हंगाम संगणकालाच चालवू द्यावेत आणि मग गुणतक्ते, गोलसंख्या व खेळाडूंच्या किमती पाहाव्यात. 'फुटबॉल मॅनेजर'मध्ये व्यवस्थापकाला 'सुट्टी'वर पाठवण्याची सोय असल्याने ही चाचणी सहज करता येते.

निवडीचे पर्याय

सखोल वास्तवता हवी असल्यास आणि वेळ असल्यास 'फुटबॉल मॅनेजर' हा प्रमुख पर्याय आहे. मात्र एक हंगाम पूर्ण होण्यास अनेक दिवस लागू शकतात. कोणत्या देशांच्या साखळ्या चालू ठेवायच्या हे आरंभी निवडावे लागते. त्यांची संख्या वाढवल्यास साधा संगणक मंदावतो. लागोपाठच्या दोन आवृत्त्यांतील फरक बहुधा मर्यादित असतो, म्हणून दरवर्षी नवी प्रत घेणे अपरिहार्य नाही.

जुना संगणक असलेल्यांसाठी 'चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२' उपयुक्त आहे. २००८ पासून तो विनामूल्य उपलब्ध असून हौशी मंडळी त्यात नव्या हंगामांची माहिती भरत आली आहेत. त्यात सामना मजकुरातूनच दिसतो, पण हंगाम झपाट्याने पुढे सरकतो.

'हॅट्रिक' हा १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला खेळ ब्राउझरवर चालतो. त्यातील खेळाडू काल्पनिक असले तरी काळ खरा असतो. साखळीचा सामना आठवड्यातून एकदाच होतो आणि हरलेला सामना पुन्हा खेळता येत नाही. संगणकावर एकट्याने खेळताना जुनी नोंद उघडून पराभव पुसता येतो. त्या अर्थी साध्या दिसणाऱ्या या खेळात निर्णयाचे उत्तरदायित्व अधिक खरे आहे. पैसे भरणाऱ्या सदस्याला त्यात स्पर्धात्मक लाभ मिळत नाही.

'टॉप इलेव्हन' हा २०१० मध्ये सर्बियातील 'नॉर्डियस' कंपनीने आणलेला खेळ मोबाइलवर लोकप्रिय आहे. तो विनामूल्य सुरू करता येतो, मात्र त्यातील टोकन पैसे देऊन विकत घेता येतात. मुलांसाठी खेळ निवडताना पालकांनी ही बाब ध्यानात घ्यावी. 'ईए स्पोर्ट्स एफसी'च्या कारकीर्द विभागात व्यवस्थापन आहे, परंतु तेथे मैदानावरील खेळ हाच केंद्रस्थानी असतो.

अधिकृत परवान्यांअभावी काही संघांची नावे बदललेली आढळतात. उदाहरणार्थ, 'फुटबॉल मॅनेजर'च्या काही आवृत्त्यांत युव्हेंटसचे नाव 'झेब्रे' असे होते. याचा सामन्याच्या गणितावर परिणाम होत नाही.

भारतीय संदर्भ

भारतीय साखळी 'फुटबॉल मॅनेजर'च्या अनेक आवृत्त्यांत समाविष्ट आहे. त्यामुळे मुंबई सिटी किंवा एफसी गोवा या संघांची सूत्रे हाती घेता येतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये सुरुवातीची अनेक वर्षे बढती वा घसरण नव्हती आणि २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू उतरवता येतात. साहजिकच येथे यश भारतीय खेळाडूंच्या पारखीवर अवलंबून राहते. खेळातील मजकूर विपुल असून तो मराठीत वा अन्य भारतीय भाषेत उपलब्ध नाही. इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्यांना ही मोठी अडचण ठरते.

वास्तवावरील प्रभाव

इंग्लंडमधील एव्हर्टन संघाने २००८ मध्ये खेळाडूंच्या शोधासाठी 'फुटबॉल मॅनेजर'चा माहितीसंच वापरण्याचा करार केला. पुढे 'प्रोझोन' या विश्लेषण संस्थेनेही २०१४ मध्ये तो स्वीकारला. उलट दिशेने, प्रत्यक्ष फुटबॉलमधील 'अपेक्षित गोल' ही सांख्यिकी २०२१ च्या आवृत्तीत दाखल झाली.

अंदाज चुकल्याची उदाहरणेही प्रसिद्ध आहेत. मिलवॉलच्या युवा संघातील चेर्नो सांबा 'चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२' मध्ये जागतिक दर्जाचा आघाडीपटू बनत असे. प्रत्यक्षात त्याची कारकीर्द तशी बहरली नाही. त्याच आवृत्तीतील 'टो मडेरा' हा पोर्तुगीज गोलवीर तर प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हता. स्थानिक संशोधकाने त्याची भर घातली होती. संख्यांच्या मागे माणसांचे मत असते, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

टीका

या खेळांवरील प्रमुख आक्षेप वेळेविषयी आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फुटबॉल मॅनेजर स्टोल माय लाइफ' या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच या व्यसनाची थट्टेने कबुली आहे. दुसरा आक्षेप असा की, विशिष्ट डावपेच इंजिनाच्या उणिवांमुळे अवाजवी यशस्वी ठरतात आणि ते एकदा सर्वांना ठाऊक झाले की खेळातील अनिश्चितता संपते. तिसरा आक्षेप गुणांकनाविषयी आहे: उगवत्या, खऱ्याखुऱ्या तरुण खेळाडूच्या भवितव्यावर जाहीर अंक चिकटवल्याने त्याच्याकडून अवास्तव अपेक्षा निर्माण होतात.