रकाना नसलेला आजार

सरकारी कचेरीत ज्याने दहा-बारा वर्षे काढली आहेत, त्यास एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. ज्या बाबीस नोंदवहीत रकाना नाही, ती बाब असूनही नसल्यासारखी असते. तिच्यासाठी तरतूद होत नाही, तिच्यावर कोणी शेरा लिहीत नाही आणि वर्षअखेरच्या गोषवाऱ्यात ती 'इतर' या शीर्षाखाली कोठेतरी जाऊन पडते. वैद्यकशास्त्रातही असे काही आजार दीर्घकाळ होते. त्यांस रकाना मिळवून देण्याच्या कामी डॉक्टरांच्या बरोबरीने रोग्यांचे आईबापही झिजले, ही हकीकत मला अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हती. ती समजून घेण्याचे निमित्त आमच्या वसाहतीतच घडले.

माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक मराठी सहकारी राहावयास आले. पतीपत्नी आणि सात वर्षांचा मुलगा. मुलगा हुशार, पण अंगाने अगदी किरकोळ. त्याच्या जन्मापासून या कुटुंबाच्या तीन बदल्या झाल्या होत्या. प्रत्येक गावी मुलास न्यूमोनिया होई, कान वाहत, प्रतिजैविके दिली जात, मूल बरे होई आणि पुन्हा आजारी पडे. प्रत्येक गावी नवे डॉक्टर, नवा केसपेपर. त्या केसपेपरावर 'न्यूमोनिया' एवढेच लिहिलेले असे; पहिला की पाचवा, हे त्यावर नसे. हवा मानवत नाही, पाणी बदलले, दृष्ट लागली, अशी कारणे ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे पुढे केली जात. पण आईने घरखर्चाच्या वहीच्या मागील पानांवर प्रत्येक दुखण्याची तारीख, ताप आणि औषध टिपून ठेवले होते. आमच्या गावच्या एका डॉक्टरांनी ती वही मागितली, बसून सारी दुखणी मोजली, रक्ताची एक वेगळी तपासणी लिहून दिली आणि मग त्या बाईंना विचारले, "तुमच्या माहेरी एखादा मुलगा लहानपणी गेला होता का?"

गेले होते, एक नव्हे, दोन. तिचेच भाऊ, तिच्या जन्माआधी गेलेले. घरात त्यांचे नाव कोणी घेत नसे.

मुलाच्या रक्तात रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये जवळजवळ नव्हती. हा दोष मातेकडून मुलग्यांकडे येतो. ती स्वतः निरोगी असते, म्हणून मुलाचा इतिहास मामांच्या इतिहासात शोधावा लागतो. ज्या आजारास आमच्या वसाहतीत कोणी नावाने ओळखत नव्हते, त्याची पहिली नोंद सत्तर वर्षांहून जुनी आहे, हे मला नंतर वाचनात आढळले.

1952 साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांनी एका आठ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलास चार वर्षांत एकोणीस वेळा रक्तात जंतू पसरण्याचे गंभीर दुखणे झाले होते. रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगवेगळी करण्याची तपासणी तेव्हा नवी होती. तीत असे दिसून आले की, ज्या भागात प्रतिद्रव्ये असतात तो गॅमा ग्लोब्युलिन नावाचा भाग या मुलाच्या रक्तात नाहीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या एडविन कोन यांनी मानवी रक्तद्रवातून निरनिराळी प्रथिने वेगळी काढण्याची रीत बसविली होती, त्यामुळे गॅमा ग्लोब्युलिन उपलब्ध होते. ब्रुटन यांनी ते महिन्यास एकदा त्वचेखाली टोचण्यास आरंभ केला आणि मुलाची दुखणी थांबली. निदान आणि उपचार एकाच लेखात जगापुढे येण्याचे भाग्य फार थोड्या रोगांस लाभले असेल. तथापि माझ्या मनात राहिला तो 'एकोणीस' हा आकडा. कोणी तरी मोजले होते, म्हणून तो एकोणीस होता. एरव्ही ती एकोणीस स्वतंत्र दुखणी ठरली असती.

पुढील दोन दशकांत शास्त्र झपाट्याने पुढे गेले. 1968 मध्ये मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्ती पूर्णतः नसलेल्या एका अर्भकास त्याच्या बहिणीचा अस्थिमज्जा देऊन वाचविले. 1970 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने या जन्मजात दोषांचे पहिले वर्गीकरण केले. त्या वेळी ते मूठभर होते. आज त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली आहे. रोगांस शास्त्रीय नावे मिळाली, परंतु रोग्यांची स्थिती विशेष पालटली नाही. साधा डॉक्टर आपल्या उभ्या आयुष्यात असा एखादाच रोगी पाहील, किंवा पाहूनही ओळखणार नाही. ज्या घरात असा मुलगा असे, त्या घरास आपल्यासारखे दुसरे घर जगात आहे हेही ठाऊक नसे.

ही उणीव भरून काढण्यास पुढे आली ती एक आई. अमेरिकेतील मेरीलंड राज्यात राहणाऱ्या मार्शिया बॉइल यांच्या मुलास ब्रुटन यांनी वर्णिलेला आजारच निघाला. 1980 मध्ये त्यांनी पती आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. जेरी विंकेलस्टीन यांच्या सहकार्याने 'इम्यून डेफिशियन्सी फाउंडेशन' ही संस्था काढली. कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालणे, त्यांस समजेल अशा भाषेत माहिती छापणे, डॉक्टरांस या रोगांची आठवण देत राहणे, ही तिची सुरुवातीची कामे होती. या संस्थेच्या इतिहासातील एक योग मोठा हृद्य आहे. ज्या मुलामुळे ती निघाली, तो जॉन बॉइल मोठा होऊन 2017 मध्ये तिचाच अध्यक्ष झाला. ब्रुटनपूर्व काळात अशा मुलाचा विसावा वाढदिवसही कोणी गृहीत धरला नसता.

परंतु इतिहासाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचे वाटते ते या संस्थेचे नोंदीचे काम. 1990 च्या दशकात तिने रोग्यांचीच पाहणी केली, तेव्हा पहिल्या लक्षणापासून निदान होईपर्यंत सरासरी नऊ वर्षे जातात असे आढळले. नऊ वर्षे! एवढ्या अवधीत फुप्फुसांची हानी होऊन चुकते आणि ती पुढे औषधाने भरून येत नाही. तिने रोगवार नोंदवह्याही उघडल्या. पांढऱ्या पेशी जंतूंस गिळतात पण मारू शकत नाहीत, असा एक दोष आहे. त्याचे 368 रोगी देशभरातील डॉक्टरांकडून गोळा करून विंकेलस्टीन आणि त्यांचे सहकारी यांनी 2000 मध्ये त्यांचा एकत्र अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे दोन लाख जन्मांमागे एक, असे त्या रोगाचे प्रमाण त्यातून निघाले. कोणत्याही एका रुग्णालयास हे साधले नसते. विखुरलेल्या केसपेपरांची जेव्हा एक फाईल झाली, तेव्हा त्या रोगाचा स्वभाव दिसू लागला.

दुसरी संस्था शोकातून जन्मली. न्यूयॉर्कच्या फ्रेड आणि व्हिकी मॉडेल यांचा पुत्र जेफ्री प्रतिकारशक्तीच्या अशाच जन्मजात दोषापायी पंधराव्या वर्षी, 1986 मध्ये, न्यूमोनियाने गेला. पुढच्याच वर्षी आईबापांनी त्याच्या नावे प्रतिष्ठान स्थापिले. त्याची सर्वांत प्रसिद्ध कामगिरी म्हणजे धोक्याच्या दहा खुणांचा एक साधा तक्ता. वर्षात चार वा अधिक वेळा कान बिघडणे, वर्षात दोनदा न्यूमोनिया होणे, दोन महिने प्रतिजैविके घेऊनही गुण न येणे, मुलाचे वजन न वाढणे, खोलवर गळवे पुनःपुन्हा होणे, घराण्यात असा आजार असणे, अशा त्या खुणा. यांत पांडित्य काहीच नाही. पण मोजल्याखेरीज या तक्त्याचा उपयोग करता येत नाही, आणि मोजण्यास भाग पाडणे हाच त्याचा गुण होय.

याच सुमारास टेक्सासमधील डेव्हिड व्हेटर या मुलाचे नाव जगभर झाले. त्याचा थोरला भाऊ याच आजाराने अर्भकावस्थेत गेला होता, म्हणून 1971 मध्ये जन्मताच डेव्हिडला प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कोठडीत ठेवण्यात आले. बारा वर्षे तो तेथेच वाढला. बहिणीचा अस्थिमज्जा दिल्यानंतर, त्या मज्जेबरोबर आलेल्या एका विषाणूमुळे कर्करोग होऊन तो फेब्रुवारी 1984 मध्ये वारला. अशा बालकाचा दोष जन्मतःच कळला आणि जंतूंची बाधा होण्यापूर्वी उपचार झाला, तर ते वाचण्याची शक्यता पुष्कळच वाढते. म्हणून नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर तपासणी करण्याची पद्धत पुढे निघाली. 2008 मध्ये विस्कॉन्सिन राज्याने ती प्रथम सुरू केली, आणि त्या कामी मॉडेल प्रतिष्ठानाचे द्रव्यसाहाय्य होते. 2010 मध्ये ती राष्ट्रीय शिफारशीत आली. तरी अमेरिकेची सर्व पन्नास राज्ये या तपासणीखाली येण्यास 2018 साल उजाडले. मधल्या आठ वर्षांत राज्याराज्यांच्या दारी जाऊन हा रकाना उघडावयास लावणारे बहुतेक जण मूल गमावलेले किंवा वाचविलेले आईबापच होते.

या संस्थांवर केवळ स्तुतिसुमने उधळणे इतिहासास शोभणार नाही. त्यांच्या देणग्यांत प्रतिद्रव्ये बनवून विकणाऱ्या कंपन्यांचाही वाटा असतो; आणि औषध विकणारा व औषधावर जगणारा यांचे हित प्रत्येक वेळी एकच असते असे नाही. शिवाय हे औषध कारखान्यात रसायनांपासून होत नाही. हजारो माणसांनी दिलेल्या रक्तद्रवातून ते काढावे लागते. तीन-चार आठवड्यांनी एकदा, जन्मभर ते घ्यावे लागते. मात्रा वजनावर असल्यामुळे मूल वाढेल तसा खर्चही वाढतो. ज्या आईने मुलाचे वजन वाढावे म्हणून देव पाण्यात घातले, तिलाच त्या वाढत्या वजनाचा हिशेब मांडावा लागतो.

आता आपल्या देशाकडे वळू. 1992 मध्ये निरनिराळ्या देशांच्या रुग्णसंस्थांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. भारतातही 'इंडियन पेशंट्स सोसायटी फॉर प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी' ही रुग्णांची व पालकांची संस्था काम करीत आहे. डॉक्टरांनी 2011 मध्ये आपली स्वतंत्र परिषद स्थापिली. चंदीगढची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था आणि मुंबईस केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था ही या रोगांच्या निदानाची दोन मोठी ठाणी होत. आपल्याकडे एक प्रश्न मात्र अमेरिकेहून निराळा आहे. येथे क्षयप्रतिबंधक बीसीजी लस जन्मतःच देतात. कोट्यवधी बालकांस ती हितकर आहे आणि तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती मुळातच नाही, अशा विरळा बालकाच्या अंगात तीच लस पसरून प्राणावर बेतू शकते. नवजात बालकांची देशव्यापी तपासणी आपल्याकडे नाही. म्हणून आधीचे मूल बाळपणी गेले असल्यास ती गोष्ट लसीपूर्वी डॉक्टरांच्या कानावर घालणे, एवढाच इशारा तूर्त हाती उरतो. आणि नेमकी हीच गोष्ट आपण अशुभ म्हणून गिळून टाकतो.

2021 मध्ये केंद्र शासनाचे दुर्मीळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. कचेरीतील माणसाच्या सवयीने मी त्याच्या परिशिष्टासारख्या याद्या प्रथम वाचल्या. अस्थिमज्जेने बरे होऊ शकणाऱ्या पहिल्या गटात प्रतिकारशक्तीचे काही जन्मजात दोष नावानिशी आहेत. दुसऱ्या गटात प्रतिद्रव्यांच्या उपचाराचा स्पष्ट उल्लेख आहे. 2022 मध्ये साहाय्याची मर्यादा सर्व गटांस पन्नास लाखांपर्यंत वाढविण्यात आली, आणि ठरविलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालयही आहे. जन्मभराच्या उपचारास ही मर्यादा कितपत पुरेल, हा प्रश्न खराच. तरी 1952 मधील एका मुलाच्या कोऱ्या रकान्यापासून शासनाच्या यादीतील या ओळीपर्यंतचे अंतर मला लहान वाटत नाही. ज्या बाबीस शीर्ष आहे, तिच्यासाठी निदान मागणी तरी करता येते.

शेजारचा मुलगा आता महिन्यातून एक दिवस रुग्णालयात जातो आणि बाकीचे दिवस शाळेत. मध्यंतरी वडिलांच्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा घरात पहिली चर्चा क्वार्टरची न होता, नव्या गावी ते औषध मिळेल का याची झाली. त्या बाईंनी जुन्या वहीतील सर्व नोंदी एका जाड रजिस्टरात उतरवून घेतल्या होत्या. पहिल्या पानावर मुलाचे नाव. त्याखाली आजोळच्या दोन मुलांची नावे, जन्माच्या आणि मृत्यूच्या सालांसह. ती त्यांनी आपल्या वृद्ध आईस विचारून मिळविली होती. सत्तरी ओलांडलेली ती आजी नावे सांगताना रडली खरी, पण मग आपण होऊन दोघांची दुखणीही आठवून आठवून सांगू लागली.

आपण बदलीवर फिरणारी माणसे. भांडी, पुस्तके, मुलांचे दाखले आपण जपून नेतो. दुखण्यांचे कागद मात्र जुन्या गावी टाकून येतो. निदान मुलांचे ते कागद तरी सामानात बांधावेत. बहुधा त्यांत काही निघणार नाही. पण एखाद्या घरी, कोणी तरी बसून मोजील, तेव्हा ते कामास येतील.