गेम कन्सोल चालू न होणे

बटण दाबूनही कन्सोलचा दिवा न लागणे, किंवा लागून लगेच विझणे, असा बिघाड. दिवा टिकतो पण टीव्हीवर चित्र येत नाही, ही तक्रार वेगळी. तिचे मूळ बहुधा एचडीएमआय केबलीत किंवा टीव्हीच्या इनपुटात असते. एक्सबॉक्स 360 वरची तीन लाल चतकोरांची खूणही वीज न येण्याची नव्हे, आतल्या यंत्रणेच्या बिघाडाची. त्यापायी मायक्रोसॉफ्टने 2007 साली वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

असा बिघाड पांढुर्ण्यात झाला तर दुरुस्तीची सोय जवळ नाही. 2023 साली पांढुर्णा व सौंसर मिळून जिल्हा झाला, तरी मोठ्या दुरुस्तीसाठी नागपूर गाठायचे म्हणजे शंभरेक किलोमीटर. म्हणून यंत्र पिशवीत घालण्याआधी घरच्या घरी तपासणे इथे विशेष मोलाचे. बंद वाटणाऱ्या यंत्राचा दोष पुष्कळदा बाहेरच, पिन, तार किंवा अडॅप्टर यांत सापडतो.

सुरुवात भिंतीतल्या पॉइंटपासून करावी. मोबाइलचा चार्जर चालला म्हणजे पॉइंट ठीक, हा समज फसवा आहे. चार्जरला वीज थोडी लागते, मोठा कन्सोल शंभर वॉटहून अधिक ओढतो, आणि ढिल्या पॉइंटचा दोष अशाच भाराखाली दिसतो. तिथे इस्त्री लावून पाहावी. नंतर एक्स्टेंशन बोर्ड वगळून तार थेट भिंतीत लावावी. प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सला आठच्या आकड्यासारख्या तोंडाची दोन पिनांची तार लागते. तशीच तार जुन्या टेपरेकॉर्डरलाही असे, त्यामुळे चांगली तार लावून पाहणे सोपे.

लाइन जाऊन झटक्याने परत आली की कन्सोलच्या वीजपुरवठ्यातली संरक्षक यंत्रणा कधीकधी बंद पडून राहते. एक्सबॉक्सची तार काढून दहा सेकंद थांबावे, मग पुन्हा लावावी. निन्टेन्डो स्विच गोठला असेल तर पॉवरचे बटण बारा सेकंद किंवा जास्त दाबून धरावे, सोडावे आणि पुन्हा एकदा दाबावे.

मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी विकल्या गेलेल्या कॅसेटच्या टीव्हीगेमचे गणित निराळे. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरचा विजेचा दाब घरच्या दाबाबरोबर चढतो-उतरतो. आतल्या 7805 रेग्युलेटरला 5 व्होल्ट देण्यासाठी सुमारे 7 व्होल्ट यावे लागतात. ओलिताच्या मोटारी सुरू होऊन गावचा दाब पडला तर संध्याकाळी हाच गेम मेल्यासारखा दिसतो आणि रात्री उशिरा सुरळीत चालतो. नवे कन्सोल बहुधा 100 ते 240 व्होल्ट सोसतात, त्यांना ही अडचण कमी. जुना अडॅप्टर बदलताना मात्र मधल्या टोकाची धन-ऋण खूण पाहावी. हे गेम ज्याच्या नकला, त्या फॅमिकॉमचे मधले टोक ऋण असते. उलट जोडणीने रेग्युलेटर जळू शकतो.

परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या यंत्राचा अडॅप्टर आधी वाचावा. अमेरिकेतला एक्सबॉक्स 360 चा अडॅप्टर तिथल्या 120 व्होल्टच्या विजेसाठी बनलेला आहे. भारताच्या 230 व्होल्टला तो लावला की निकामी होतो, आणि पुष्कळदा कन्सोल मात्र शाबूत राहतो.

पहिल्या, 2001 सालच्या एक्सबॉक्सचा आजार तर घड्याळाचा. वेळ राखणारा कपॅसिटर वर्षांनी गळतो, त्यातला द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातो आणि यंत्र उठेनासे होते. असे यंत्र घरी असेल तर ते बिघडण्याआधीच जाणकाराकडून तो कपॅसिटर काढून घ्यावा.

एवढे करूनही दिवा लागला नाही तर पुरवठ्याचा डबा स्वतः उघडू नये. 230 व्होल्टवर चालणाऱ्या पुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट किंवा त्याहून अधिक साठतात आणि तार काढल्यावरही काही काळ तिथेच राहतात.