मालमोटारीतील उष्णता व ध्वनिनिरोधन

मालमोटारीचे एंजिन आणि चालककक्ष यांमधील पत्र्याच्या आडभिंतीस अग्निभिंत म्हणतात. एंजिनाची धग, धूर, तेलाची वाफ व आवाज कक्षात शिरू न देणे आणि आग लागल्यास चालकास बाहेर पडण्यापुरती सवड मिळवून देणे, ही तिची कार्ये होत. नुसता पत्रा उष्णतेचा सुवाहक असून कंप पावून स्वतःच आवाज करतो; म्हणून त्यावर निरोधक थर बसवितात.

मुंबईत जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून डॉज मालमोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. टेल्को कंपनीने डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेटपूर येथे उत्पादन सुरू केले. हा करार १९६९ पर्यंत चालला. कारखान्यातून बहुधा एंजिन, सांगाडा व पुढचा पत्रा एवढाच भाग येई आणि चालककक्ष स्थानिक सुतार-लोहार लाकूड व पत्रा वापरून बांधीत. त्यामुळे निरोधनाची प्रत कारागिराच्या कौशल्यावर व मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहिली. एंजिनाचा काही भाग कक्षातच असलेल्या गाड्यांत बॉनेटचे झाकण चालकाच्या मांडीशी येई. त्यावर गोणपाट किंवा जुनी गादी टाकण्याचा प्रघात होता.

बीड जिल्ह्यातील केज हे तालुक्याचे ठिकाण मांजरसुंबा–अंबाजोगाई मार्गावर आहे. येथील उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. जिल्ह्यातील हजारो ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे स्थलांतर करतात. त्यांची व उसाची वाहतूक करणाऱ्या वाहनांत मालमोटारींचा वाटा मोठा आहे. अशा प्रदेशात रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्याच्या दृष्टीने निरोधन ही चैन नव्हे. उष्णतेने थकवा येतो व अवधान सुटते. दीर्घकाळच्या मोठ्या आवाजाने बधिरता येते आणि ती बरी होत नाही.

जुन्या गाड्यांत तागाचा नमदा, डांबरी पत्रे, ग्लासवूल व ॲस्बेस्टॉसचे पुठ्ठे वापरीत. नमदा पाणी धरून ठेवतो व खालचा पत्रा गंजतो. तेलाने भिजल्यास तो सहज पेट घेतो. ॲस्बेस्टॉस जळत नाही, हा त्याचा गुण. परंतु त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात रुततात आणि कित्येक वर्षांनंतर ॲस्बेस्टॉसिस किंवा कर्करोग उद्भवतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांचा आरोग्यरक्षणाचा हक्क मान्य केला. गावोगावच्या गॅरेजांतील कारागीर मात्र या धोक्याविषयी बहुधा अनभिज्ञच राहिला. जुना पुठ्ठा कोरडा खरवडू नये किंवा दाबाच्या हवेने उडवू नये. तो पाण्याने भिजवून, योग्य मुखवटा लावून अखंड काढावा व बंद पिशवीत ठेवावा. तोंडाला बांधलेला रुमाल या तंतूंना अडवीत नाही.

नवीन थर बसविण्यापूर्वी गंज काढून पत्र्यास रंगाचे अस्तर देतात. कंप शमविणारे डांबरी पत्रे कक्षाच्या बाजूस लावतात. एंजिनाच्या बाजूस ते उष्णतेने मऊ होऊन सुटतात. त्यांवर तंतुमय थर व सर्वांत वर जड रबरी चटई येते. एंजिनाच्या बाजूस ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा थोडी पोकळी ठेवून बसविल्यास प्रारित उष्णता परावर्तित होते. तारा, पायकळा व सुकाणूचा दांडा यांच्या छिद्रांना रबरी कडी लावणे अत्यावश्यक असते. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या अवघा एक टक्का भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही जाड असली तरी आवाज सु. २० डेसिबेलपेक्षा अधिक घटत नाही. त्याच वाटेने धूरही आत येतो.

मध्यम व अवजड मालमोटारींच्या चालककक्षांत वातानुकूलन सक्तीचे करणारी अधिसूचना केंद्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये काढली. १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्मिलेल्या गाड्यांसाठी ती होती. त्यापूर्वीच्या गाड्यांच्या चालकांचे संरक्षण मात्र अग्निभिंतीच्या निगराणीवरच अवलंबून आहे.