मनगट, पाणी आणि हमी

व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही आमचा विषय सांगितला तेव्हा ते हसले. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर किंवा किमान वेतनावर बोलावे, फिटनेस बँडमध्ये पाणी शिरते की नाही याची उठाठेव त्याने कशाला करावी, असे त्यांना वाटले असावे. श्रोतेहो, ही उठाठेव आमच्या गळ्यात कशी पडली ते शेवटी येईलच. आरंभ मात्र थोडा मागून केला पाहिजे.

मनगटी घड्याळाला पाण्याचे भय जन्मापासूनचे आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी खिशातले घड्याळ मनगटावर घेतले आणि पाऊस, चिखल, घाम या तिघांशी त्याची गाठ पडली. पाणी शिरायच्या वाटा तीन : काच, मागचे झाकण आणि चावीचे भोक. यांतली तिसरी वाट सर्वांत अवघड, कारण चावी रोज फिरवावी लागे. रोलेक्स कंपनीने १९२६ साली चावी आणि झाकण दोन्ही आट्यांनी घट्ट बसणारे घड्याळ काढले. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची इंग्रज तरुणी इंग्लिश खाडी पोहून गेली. तिच्या पराक्रमावर लोकांनी शंका घेतली, म्हणून २१ ऑक्टोबर १९२७ रोजी ती पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी रोलेक्सचे घड्याळ तिच्या गळ्यात होते. गारठ्याने दहा तासांहून अधिक काळानंतर तिला बाहेर काढावे लागले, परंतु घड्याळ चालू होते. पुढच्या महिन्यात लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर ते झळकले. पोहणे अपुरे राहिले, जाहिरात पुरी झाली!

ही लढाई पुढे शब्दांवर आली. 'वॉटरप्रूफ' म्हणजे पाणी मुळीच शिरणार नाही, असे ग्राहक समजे. रबराचे वॉशर तर दोनचार वर्षांत कडक होऊन चिरते. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकात 'वॉटर रेझिस्टंट', म्हणजे पाण्याला अटकाव करणारे, हा सावध शब्द आला. आज चालते ते मानक २०१० सालचे. करारातला एक शब्द बदलला की काय बदलते, हे आम्हा संघटनेच्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही.

फिटनेस बँडला चावी नाही, म्हणून तो अधिक सुरक्षित असावा असे वाटते. परंतु त्याला चार्जिंगच्या टिकल्या असतात, काहींना आवाजाची बारीक छिद्रे असतात, आणि सारा डोलारा गोंदावर चिकटवलेला असतो. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर गार पाणी लागले की आतली हवा आकसते आणि फटीतून ओल ओढून घेते. साबणाने पाण्याचा ताण कमी होतो व ते अरुंद फटीतही शिरते. घामातले क्षार टिकल्या खातात. हे कारखान्यातल्या परीक्षेत बहुधा येत नाही. 'आय.पी. ६७' हा शिक्का सांगतो इतकेच, की नवीन नमुना १ मीटर स्वच्छ, स्थिर पाण्यात ३० मिनिटे टिकला. नळाच्या धारेबद्दल तो काही बोलत नाही. 'आय.पी. ६८' ची गंमत तर अशी की खोली आणि वेळ ठरवते खुद्द कंपनी! परीक्षेचे प्रश्न परीक्षार्थ्यानेच काढायचे, असा हा प्रकार आहे. इतके करून पुष्कळ हमीपत्रांत पाण्याने झालेले नुकसान वगळलेले असतेच.

भरपाई कोणी दिलीच नाही असे नाही. २०११ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या जॉबोन कंपनीने 'अप' नावाची पट्टी काढली. पट्ट्या धडाधड बंद पडू लागल्या, तेव्हा डिसेंबरातच कंपनीने जाहीर केले, की पट्टी परत न देताही पूर्ण पैसे घेऊन जा. गिऱ्हाईक पैसे मोजणारे होते, त्याचे ऐकावे लागले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री कमरेइतक्या पाण्यातून आम्ही मुलुंडला चालत आलो. हातातले घड्याळ बंद पडले. स्टेशनजवळच्या घड्याळजीने ते उघडले, वाळवले, नवे वॉशर घातले आणि तिसऱ्या दिवशी चालू करून दिले. आजचा बँड त्याच्याकडे नेला तर तो नुसताच उलटासुलटा करून परत देतो. गोंद सोडवला तर पुन्हा तसा बसत नाही.

आता आमच्या गळ्यात पडलेली गोष्ट. गेल्या दशकाच्या अखेरीस नागपूर, नवी मुंबई अशा महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर ठिकाण कळवणारी घड्याळे बांधली. चंडीगडच्या कामगारांनी २०२० मध्ये त्याविरुद्ध निदर्शने केली. पाळतीच्या त्या प्रश्नावर पुष्कळ बोलले गेले आहे. पाण्याचा प्रश्न आमच्यापुढे आणला तो एका कंत्राटी सफाई कामगार बाईने. कोणत्या पालिकेतली, ते सांगत नाही. आषाढातल्या पावसात गटार उपसताना तिचे घड्याळ बंद पडले. ती दुपारपर्यंत कामावर होती, मुकादमाने तिला पाहिले होते. पण घड्याळ गप्प, म्हणून हजेरी गैर. वर कंत्राटदार घड्याळाची किंमत मागू लागला.

आम्ही तीन मागण्या लिहून दिल्या : बंद घड्याळाची किंमत कामगाराकडून घेऊ नये, हजेरीपट चालू ठेवावा, आणि घड्याळ कोणत्या पाण्यात किती वेळ तपासले ते लेखी द्यावे. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर साहेब म्हणाले, "अहो, डब्यावर लिहिलंय ना, वॉटरप्रूफ!"

बाईंना तिचा दिवस मिळाला. पुढच्या पावसाळ्यात त्या भेटल्या तेव्हा मनगटावर दुधाची रिकामी पिशवी दुमडून, वर दोन रबर लावलेले होते. आम्ही विचारले, "अक्का, आत घाम साचत नाही का?"

"साचतो की," त्या म्हणाल्या, "दर तासाला सोडून पुसते."